मेलाटोनिनच्या ३ मिलिग्रॅमच्या गोळ्या : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या जुलैमध्ये नाशिकमधील आमच्या घराजवळच्या औषधांच्या दुकानातून मी झोप यावी म्हणून मेलाटोनिनच्या, म्हणजे मेंदूतल्या एका ग्रंथीत रात्री तयार होणाऱ्या द्रव्याच्या, गोळ्यांची पहिली पट्टी आणली. तेव्हापासून या फेब्रुवारीपर्यंत, मधले काही आठवडे सोडता, मी त्या गोळ्या तीन निरनिराळ्या प्रकारांनी घेऊन पाहिल्या आहेत. पट्टीत १० गोळ्या, प्रत्येक गोळीत ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि किंमत शंभर रुपयांच्या आत, असे हे साधे उत्पादन आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार आणि माझी प्रशंसा या दोन्ही गोष्टी याच मात्रेत मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांना लागू पडतील. जी गोळी पहिला दीड महिना मला जवळजवळ निरुपयोगी वाटली, तीच गोळी निम्मी करून आणि घेण्याची वेळ बदलून पाहिल्यावर उपयोगी पडली. हा फरक कशाने पडला ते समजावून घेतल्याशिवाय कोणी ही पट्टी विकत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ६४ आहे. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर झोपेची घडी विस्कटली. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडावे, बारापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहावे आणि कशीबशी लागलेली झोप तीनच्या सुमारास मोडावी, असे वर्षभर चालले होते. आईच्या काळापासून आमच्या घरी चालत आलेला जायफळ उगाळून घातलेल्या दुधाचा उपाय करून झाला होता. अखेरीस दुकानदाराने ही पट्टी पुढे केली आणि म्हणाला, “काकू, ही झोपेची गोळी नाही. नैसर्गिक आहे, सवय लागत नाही. झोपताना एक घ्यायची.” त्याच्या बोलण्यातली पहिली गोष्ट अगदी खरी होती. गोळीतले मेलाटोनिन कारखान्यात तयार होत असले तरी त्याचा रेणू शरीरातल्या रेणूसारखाच असतो, म्हणून दुसरी गोष्टही एका अर्थी खरी मानता येते. झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांची जशी सवय जडते तशी हिची जडल्याचे सहसा आढळत नाही, त्यामुळे तिसऱ्या गोष्टीलाही माझी हरकत नाही. मला महाग पडले ते चौथे वाक्य, म्हणजे “झोपताना एक” हा सल्ला. पट्टीच्या मागेही घेण्याच्या वेळेविषयी याहून अधिक काही छापलेले नव्हते.

पहिला दीड महिना मी रोज रात्री दात घासून झाल्यावर एक गोळी घेऊन दिवा मालवत असे. उशाशी वही ठेवून झोप लागण्याची अंदाजे वेळ, रात्रीची जाग आणि सकाळची अवस्था यांची नोंद करण्याचा माझा नेम होता. त्या नोंदींवरून असे दिसते की झोप लागायला पूर्वी जितका वेळ लागत होता त्यात दहा-बारा मिनिटांची घट झाली असावी, तीनची जाग मात्र जशीच्या तशी राहिली. त्याच्या जोडीला सकाळी आठपर्यंत डोके जड राहू लागले, आणि आठवड्यातून दोन-तीनदा अशी ठसठशीत स्वप्ने पडू लागली की त्यांच्यामुळेच जाग यावी. मी गोळ्या बंद करण्याच्या विचारात होते. परंतु दहा-बारा मिनिटे हा आकडा फसवा नव्हता, हे मला नंतर कळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात १९ चाचण्यांमधील १,६८३ माणसांच्या झोपेचा अभ्यास होता. त्यात मेलाटोनिन घेणाऱ्यांना दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ७ मिनिटे आधी झोप लागली आणि त्यांची एकूण झोप सुमारे ८ मिनिटांनी वाढली. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर, प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये, असेच सुचवले आहे. अर्थात उपलब्ध पुरावा कच्चा असल्याने ही सूचना सौम्य असल्याचेही त्यांनी नमूद केले. म्हणजे माझी गोळी बिघडलेली नव्हती. मीच तिच्याकडून तिचे नसलेले काम मागत होते.

मग तिचे काम कोणते? अंतःस्रावी ग्रंथींची आकृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली आहे. मेंदूच्या मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी पिनियल ग्रंथी दाखवायची, तिच्याकडे एक बाण ओढायचा आणि पुढच्या ग्रंथीकडे वळायचे, एवढाच तिचा मान असे. तिच्यातल्या या द्रव्याचा शोधही झोपेच्या अभ्यासातून लागलेला नाही. पिनियल ग्रंथीचा अर्क दिल्यास बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकी होते, हे १९१७ साली दिसून आले होते. त्या धाग्याचा माग काढत येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी गुरांच्या हजारो ग्रंथींमधून ते द्रव्य वेगळे केले आणि १९५८ साली त्याला मेलाटोनिन हे नाव दिले. त्वचेच्या रंगाच्या विकारांवर त्याचा उपयोग होईल अशी त्यांना आशा होती. ती फळाला आली नाही, पण या द्रव्याचे रक्तातले प्रमाण दिवसा जवळजवळ शून्य असते, संध्याकाळी अंधार पडल्यावर वाढू लागते, उत्तररात्री कळस गाठते आणि पहाटे ओसरते, हे पुढे लक्षात आले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रात्रभर जागून वावरणाऱ्या उंदराच्या शरीरातही मेलाटोनिन रात्रीच वाढते. उंदीर तेव्हा झोपत नाही, उलट त्याची धावपळ तेव्हाच सुरू होते. म्हणून या द्रव्याला झोपेचे संप्रेरक म्हणण्यापेक्षा अंधाराचा निरोप म्हणणे अधिक बरोबर आहे. रात्र झाली एवढेच ते शरीराला कळवते. त्या निरोपावर काय करायचे ते ज्या त्या प्राण्याच्या घडणीप्रमाणे ठरते. माणसाच्या बाबतीत या निरोपाने शरीराचे तापमान किंचित उतरू लागते, जागे ठेवणारी यंत्रणा सैलावते आणि झोपेला दार उघडे होते. दार उघडणे आणि उचलून आत नेऊन निजवणे यांत जो फरक आहे, तोच मेलाटोनिनच्या गोळीत आणि झोपेच्या गोळीत आहे.

निरोप तयार होण्याची वाट मात्र इतकी वळणावळणाची आहे की ती वाचताना मी शिक्षकी पेशातल्या जुन्या आनंदाने वहीत आकृती काढली. डोळ्याच्या दृष्टिपटलात पाहण्यासाठी असणाऱ्या पेशींखेरीज, प्रकाश आहे की नाही एवढेच मुख्यत्वे मोजणाऱ्या काही पेशी असतात. त्यांच्यातील मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य निळसर प्रकाशाला सर्वाधिक दाद देते. त्यांचा संदेश दृष्टिमज्जातंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या अगदी वर असलेल्या, सुमारे २० हजार चेतापेशींच्या एका केंद्राकडे जातो, आणि हेच आपले मुख्य जैविक घड्याळ होय. तिथून पिनियल ग्रंथी हाकेच्या अंतरावर असतानाही संदेश सरळ तिच्याकडे जात नाही. तो खाली पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरतो, मानेतल्या चेतागुच्छातून पुन्हा वर चढतो आणि शेवटी नॉरॲड्रिनलिन या संदेशवाहक द्रव्याच्या रूपाने ग्रंथीच्या पेशींवरील बीटा जातीच्या ग्राहकांना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूंना, जाऊन भिडतो. तेव्हा कुठे ग्रंथीत सेरोटोनिन या द्रव्यापासून मेलाटोनिन बनू लागते.

ही वाट माहीत झाल्यावर माझ्या दीड महिन्याच्या अपयशाची कारणे एकेक करून सापडत गेली.

पहिले कारण छताला लटकले होते. आमच्या बैठकीच्या खोलीत लख्ख पांढऱ्या प्रकाशाच्या दोन एलईडी नळ्या आहेत आणि त्या रात्री दहापर्यंत चालू असत. त्यानंतर अंथरुणात पडून मी अर्धा तास मोबाइलवर वाचत असे. झगझगीत प्रकाशाने माणसाच्या शरीरातील मेलाटोनिनची निर्मिती रात्रीसुद्धा थांबते, हे आल्फ्रेड लुई यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले होते. पुढे २०११ साली ११६ माणसांवर झालेल्या प्रयोगात असे आढळले की झोपण्यापूर्वीचे तास घरातल्या साध्या दिव्यांच्या प्रकाशात काढले, तरी मंद प्रकाशाच्या तुलनेत मेलाटोनिनची रात्र सुमारे ९० मिनिटांनी आखूड होते. पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांविषयीचा २०१५ सालचा एक छोटा प्रयोग आहे. त्यात १२ माणसे होती, आणि कागदी पुस्तकाच्या तुलनेत पडद्यावर वाचताना त्यांचे संध्याकाळचे मेलाटोनिन सुमारे ५५ टक्क्यांनी दबले. मी एका हाताने ग्रंथीचे तोंड बंद करत होते आणि दुसऱ्या हाताने बाजारातून तेच द्रव्य विकत आणत होते.

दुसरे कारण वेळेचे. शरीराचे स्वतःचे मेलाटोनिन नेहमीच्या झोपेच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी वाढू लागते. गोळीही त्या सुमारास घेतली तर ती घड्याळाच्या चालीशी जुळते. दिवा मालवताना घेतलेल्या गोळीचा निरोप पोहोचेपर्यंत मी कूस बदलण्यात अर्धी रात्र घालवलेली असे. शिवाय साध्या गोळीतील मेलाटोनिन रक्तातून फार झपाट्याने ओसरते. दर पाऊण तासाला, कुणाच्या बाबतीत त्याहूनही लवकर, ते निम्मे होत जाते. रात्री साडेदहाच्या गोळीने पहाटे तीनची जाग थांबवावी ही अपेक्षाच चुकीची होती. त्यासाठी सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या निराळ्या असतात. युरोपात २००७ साली ५५ वर्षांवरील माणसांच्या निद्रानाशासाठी मान्यता मिळाली, ती अशा २ मिलिग्रॅमच्या गोळीला.

तिसरे कारण मात्रेचे, आणि इथे या उत्पादनावर माझा खरा आक्षेप आहे. रात्रीच्या वेळी रक्तात मेलाटोनिन जितके असते तितके होण्यासाठी तोंडाने साधारण ०.३ मिलिग्रॅम पुरते, असे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड वर्टमन यांच्या गटाने केलेल्या अभ्यासांतून दिसले. माझी गोळी त्याच्या दहापट होती. अधिक मात्रेने अधिक झोप येते असा हिशेब या द्रव्याला लागू होत नाही. एरवी ते झपाट्याने ओसरत असले, तरी वाजवीपेक्षा जास्त झालेले मेलाटोनिन सकाळपर्यंत रक्तात रेंगाळू शकते आणि दिवस उजाडला तरी रात्रीचा निरोप देत राहते. माझ्या सकाळच्या जडपणाचे कारण बहुधा हेच होते. असे असताना गोळीवर मधोमध खाच का नसावी? खाच नसल्यामुळे ती मोडताना एक तुकडा मोठा व एक लहान होतो, कडा भुरभुरतात आणि रोजची मात्रा बदलत राहते. मला शेवटी गोळी कापण्याची प्लॅस्टिकची डबी आणावी लागली. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मात्र अशा कापायच्या नसतात, कारण त्यांची सगळी किमया अखंड असण्यातच असते.

चौथे कारण मला एकटीला कधीच सापडले नसते. आमचे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी आहेत. वहीतल्या नोंदी पाहून ते म्हणाले, “बाई, तुम्ही मेटोप्रोलोल घेता, हे दुकानात सांगितलं होतं का?” रक्तदाबासाठी ती गोळी मी अकरा वर्षे घेत आहे. ती बीटा ग्राहक अडवणाऱ्या औषधांपैकी आहे, आणि वर सांगितलेल्या वाटेच्या शेवटच्या पायरीवर हेच ग्राहक असतात. हृदयाची गती आवरणारी ही औषधे रात्री पिनियल ग्रंथीलाही गप्प करतात. बॉस्टनमधील संशोधकांनी २०१२ साली अशीच औषधे घेणाऱ्या रक्तदाबाच्या १६ रुग्णांना तीन आठवडे रोज रात्री २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन पाहिले, तेव्हा दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची झोप सरासरी ३६ मिनिटांनी वाढलेली आढळली. माणसे १६ च होती, त्यामुळे या आकड्याला अंतिम मानता येणार नाही. तरीही आधीच्या एकत्रित विश्लेषणातल्या ८ मिनिटांशेजारी ही ३६ मिनिटे ठेवली की गोळी नेमकी कोणाच्या उपयोगाची आहे याचा अंदाज येतो. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली नाही, आणि ती आपल्या मनाने कोणी बंद करू नये हेही त्यांनी बजावून सांगितले. मेलाटोनिनची अर्धी गोळी रात्री साडेआठला घ्यायची आणि त्यानंतर घरात पिवळा मंद दिवाच ठेवायचा, असे ठरले.

सप्टेंबरपासून मी तसे करू लागले. स्वयंपाकघरात आणि झोपण्याच्या खोलीत कमी प्रकाशाचे पिवळे दिवे लावले, मोबाइल जेवणानंतर बाहेरच्या खोलीत ठेवू लागले. वहीतल्या नोंदींचा सूर दुसऱ्या आठवड्यापासून पालटला. अकराच्या आत झोप लागू लागली, सकाळचा जडपणा गेला आणि तीनची जाग आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आली. यातले श्रेय दिव्यांना किती आणि अर्ध्या गोळीला किती, हे वेगळे करून सांगता येणार नाही, कारण दोन्ही बदल मी एकाच वेळी केले. विद्यार्थ्यांना मी नेहमी एका वेळी एकच घटक बदलायला सांगत असे. इथे मात्र झोप हवी होती, म्हणून तो नियम बाजूला ठेवला.

या गोळीची खरी कसोटी ऑक्टोबरमध्ये लागली. लेकीकडे न्यू जर्सीला जायचे होते. चार वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा नऊ दिवस मी रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी जेवताना डोळे मिटलेले, अशा अवस्थेत काढले होते. ऑक्टोबरात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. म्हणजे आपल्या शरीराची रात्र तिथे भर दुपारी सुरू होते आणि तिथल्या रात्री दहाला आपल्या शरीराच्या लेखी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. अशा वेळी बिघाड झोपेच्या यंत्रणेत नसतो, आतले घड्याळ तेवढे चुकीच्या गावाची वेळ दाखवत असते, आणि घड्याळाला वेळ सांगणे हेच मेलाटोनिनचे काम आहे. विमानप्रवासानंतरच्या या त्रासाविषयी, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २००२ साली केलेल्या आढाव्यात १० पैकी ९ चाचण्यांमध्ये ते उपयोगी ठरलेले दिसते. पाच किंवा अधिक कालपट्टे ओलांडणाऱ्यांनी मुक्कामाच्या गावी झोपायच्या वेळेच्या सुमारास, म्हणजे रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, ते घेतले होते. मात्रा ०.५ पासून ५ मिलिग्रॅमपर्यंत होती. त्रास घटवण्यात लहान आणि मोठी मात्रा जवळपास सारखीच ठरली. ५ मिलिग्रॅमने झोप तेवढी लवकर व गाढ लागली.

पहाटे नेवार्कला उतरल्यावर मी संध्याकाळपर्यंत झोपले नाही, दुपारी लेकीबरोबर उन्हात चालून आले आणि रात्री दहाला अर्धी गोळी घेतली. पहिल्या रात्री तीनला जाग आली, दुसऱ्या रात्री साडेतीनला, आणि चौथ्या रात्री सकाळी सहापर्यंत झोपले. पाचव्या दिवशी लेक म्हणाली, “आई, तू या वेळी दुपारच्या जेवणाला जागी आहेस!” हा एका बाईचा दोन प्रवासांतला अनुभव आहे, त्याला चाचणी म्हणता येणार नाही, पण चाचण्यांशी तो जुळतो. जानेवारीत परत आले तेव्हा अंतर साडेदहा तासांचे झाले होते आणि प्रवास पूर्वेकडचा होता. आपले आतले घड्याळ २४ तासांहून किंचित अधिक लांबीचे असल्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते आणि आखडणे अवघड, म्हणून पूर्वेकडे येताना त्रास अधिक होतो. नाशिकला स्थिरस्थावर व्हायला मला आठ दिवस लागले. गोळी घेऊनही आठ दिवस लागले हे इथे स्पष्ट नोंदवते.

वेळ चुकली तर हीच गोळी उलट दिशेला काम करते, हेही प्रवाशांनी लक्षात ठेवावे. संध्याकाळी घेतलेले मेलाटोनिन आतल्या घड्याळाला पुढे सरकवते, सकाळी घेतलेले मागे ढकलते. हिंजवडीत रात्रपाळी करणारा माझा भाचा हिच्याविषयी विचारत होता. रात्रपाळीहून आल्यावर घेतल्यास दिवसाची झोप सुमारे २४ मिनिटांनी वाढू शकते, असे कोक्रेनच्या २०१४ सालच्या आढाव्यात आहे. पण पुरावा कमकुवत आहे आणि पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळ कोणत्या वेळेला बांधायचे हाच प्रश्न उरतो. त्याला मी खिडकीला जाड पडदे आधी लावायला सांगितले. ज्यांचे घड्याळ खरोखर सुटलेले असते, त्यांच्या बाबतीत मात्र या द्रव्याचे सामर्थ्य थक्क करणारे आहे. प्रकाशाची जाणीवच नसलेल्या काही अंध व्यक्तींची झोपेची वेळ रोज थोडी थोडी उशिरावर जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७ जणांना रोज झोपण्यापूर्वी १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले, आणि त्यांपैकी ६ जणांचे घड्याळ २४ तासांवर येऊन स्थिरावले.

लेकीच्या गावी मेलाटोनिन किराणा दुकानात, जीवनसत्त्वांच्या शेजारी, फळांच्या चवीच्या मऊ गोळ्यांच्या रूपात मिळते. १९९४ सालच्या कायद्यानुसार तिथे ते पूरक आहार मानले जाते. ब्रिटनमध्ये त्यालाच डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अनेक नातलग तिकडून येताना ५ आणि १० मिलिग्रॅमच्या बाटल्या भेट म्हणून आणतात, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. कॅनडात २०१७ साली ३१ उत्पादने तपासली, तेव्हा प्रत्यक्षातले प्रमाण छापलेल्यापेक्षा कुठे ८३ टक्के कमी तर कुठे ४७८ टक्के अधिक निघाले, आणि ८ उत्पादनांत सेरोटोनिनही सापडले. अमेरिकेत २०२३ साली अशा २५ मऊ गोळ्यांच्या तपासणीत २२ वरचे आकडे चुकीचे ठरले. एकीत मेलाटोनिन नव्हतेच. दिसायला ही मिठाईच असते. मुलांनी, बहुतेक वेळा चुकून, मेलाटोनिन खाल्ल्याची अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे झालेली नोंद २०१२ साली ८,३३७ होती, ती २०२१ साली ५२,५६३ वर गेली. माझा नातू चार वर्षांचा आहे. लेकीकडची बाटली मी पहिल्याच दिवशी वरच्या कपाटात कुलपात ठेवायला लावली. आपल्याकडची पांढरी, बेचव, पट्टीत बंद असलेली गोळी या एका बाबतीत मला कितीतरी बरी वाटते.

दुष्परिणामांपैकी डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी यांची नोंद बरीच आहे. मला सुरुवातीचा जडपणा आणि स्वप्ने एवढेच झाले. रक्त पातळ करणारी औषधे, फ्लुवोक्झामिन हे नैराश्यावरील औषध किंवा आकडीवरील औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. वर्षानुवर्षे झोप न लागणाऱ्यांसाठी तज्ज्ञ आज पहिला उपाय म्हणून झोपेच्या सवयी व विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती सुचवतात, आणि तिच्यासमोर ही पट्टी दुय्यम आहे.

लांबच्या विमानप्रवासासाठी मी हिला पाचपैकी चार गुण देईन. माझ्यासारखे बीटा अडवणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास साडेतीन. “झोप येत नाही, एखादी गोळी द्या” असे म्हणून दुकानातून उचलणाऱ्यांसाठी मात्र दोनच, आणि तेही किंमत कमी आहे म्हणून. उत्पादकाने गोळीवर खाच पाडावी, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी काढावी आणि पट्टीवर “झोपण्यापूर्वी दोन तास, मंद प्रकाशात” एवढी ओळ छापावी, असे पत्र मी पट्टीवरच्या पत्त्यावर पाठवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. मार्चच्या अखेरीस डॉक्टरांकडे पुन्हा जायचे आहे. तोपर्यंत दिवे आहेत तसेच ठेवून गोळी आठवड्यातून तीनच रात्री घ्यायची आणि वहीत दोन्ही प्रकारच्या रात्री वेगळ्या शाईने लिहायच्या, असे ठरले आहे.